शर्ट धुतलेला नाही

बाळा,

तू झोपला आहेस. समोरासमोर बोलायला गेलो की माझी बोबडी वळते, म्हणून लिहितो.

काल दुकानात दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, ग्राफिक्सची चिप बोर्डालाच सोल्डर केलेली आहे, ती बदलता येत नाही. रॅम वाढवतो, पंखा साफ करतो. पण हा गेम यावर पळायचा नाही." "मला शिकवतोस?" म्हणत तू तोच लॅपटॉप त्याच्या तोंडावर हाणलास. तो माणूस काउंटरच्या काचेवर कोसळला, तरी तू हाणतच राहिलास. मी नुसता "अरे, अरे" करत होतो. "बाबा, तुम्ही गप्प बसा," म्हणालास, आणि मी गप्प बसलो.

मला यातलं कळत नाही, म्हणून घरी येऊन लॅपटॉपची पुस्तिका वाचून काढली. तो खरंच सांगत होता. मग माझीच मला लाज वाटली. तो खोटं सांगत असता, तरी त्याला मारणं थोडंच बरोबर ठरलं असतं?

त्याच्या बायकोचा आत्ता फोन आला. त्याचा डावा डोळा गेला.

"कोणी विचारलं तर तोच अंगावर आला म्हणून सांगा," असं तू मला बजावलं होतंस. तो जागचा हललाही नव्हता. तेवढंच सांगायला पोलीस चौकीत चाललो आहे. तिथे माझी जीभ अडखळेल, याची मला खात्री आहे. म्हणून तू धुवायला दिलेला कालचा रक्ताळलेला शर्ट पिशवीत घालून तसाच सोबत नेतो आहे.

चहा गाळून ठेवला आहे. पिऊन घे आणि घरीच थांब.

बाबा