हात लागला तर हात वर

२ मार्च, सोमवार

पुस्तकवाली आली! सकाळी सकाळी, मशीन लावायच्या वेळेला. चोवीस जर्स्या, चोवीस चड्ड्या, मोज्यांचा तर डोंगर — आणि ही दारात उभी. "मावशी, दोन मिनिटं." दोन मिनिटंवाली माणसं तासभर हलत नाहीत.

आमच्या टीमचा इतिहास लिहितेय. देशाला व्हॉलीबॉलचं पहिलं विजेतेपद मिळालं त्याला पंचवीस वर्षं झाली. एकवीस तारखेला समारंभ. नवीन हॉल उघडायचा, त्याला आमच्या कोचचं, सरांचं नाव द्यायचं. समारंभाचे फोटो घालून मग पुस्तक छापायला जाणार.

इस्त्रीच्या टेबलावर मोबाइल ठेवून म्हणाली, "तो शेवटचा पॉइंट सांगा ना." सांगितला. पाठ आहे. पाचवा सेट, चौदा-तेरा, आम्ही एकने पुढे. समोरच्यांच्या डावरीने स्मॅश मारला. नेटवर कॅप्टन आणि मी खांद्याला खांदा लावून उडालो. चेंडू आमच्या हातांना न लागता वरून बाहेर. शिट्टी. जिंकलो!

"अंगावर काटा आला, मावशी." तिच्या आला. माझ्या नाही. मशीनचा पाइप निसटला तेवढ्यात, पाणी सगळीकडे. बरंच झालं.

३ मार्च, मंगळवार

आज परत. हिला घरदार नाही का?

सुरुवातीचं विचारत होती. म्हटलं, सुरुवातीला काय होतं, काहीच नव्हतं. गळका हॉल. पाणी पडायचं तिथे बादल्या, आणि बादल्या चुकवून खेळायचं. बूट सहा जोड, पोरी बारा. एकीने आत जायचं तर दुसरीने बूट काढून द्यायचे. माझा पाय मोठा, माझे बूट कुणालाच नीट बसत नसत, म्हणून मला सारखं खेळवायचे. हे छाप म्हटलं. हसली, लिहून घेतलं.

मी दहावीत शाळा सोडली ती या खेळापायी. उंच पोरगी म्हणून सरांनी उचलून आणली. चार वर्षं नुसते मार खात होतो. मॅच कसली, मयताला गेल्यासारखे जायचो आणि तसेच परत यायचो. मग एकदा जिंकलो, आणि पुढे थांबलोच नाही. एकूण चार विजेतेपदं. आता लोक म्हणतात या पोरी जिंकायलाच जन्मल्या. जन्मल्या! बादल्या बघितल्यात का कुणी?

सरांचं पण सांगितलं. सरांनी आम्हाला वहीची एक सवय लावली होती. प्रत्येकीने रोज लिहायचं, आज काय चुकलं. बाकीच्यांनी कधीच सोडलं. मी अजून लिहिते. अक्षर कोंबडीचे पाय, पण लिहिते.

आणि दुसरा नियम — हात लागला तर हात वर. ब्लॉकला, म्हणजे नेटवर उडून अडवताना, चेंडू निसटता लागला तर तो लागलाय हे फक्त जिला लागला तिलाच कळतं. पंचाला दिसत नाही. म्हणून सर म्हणायचे, सरावात जिला लागला तिने आपणहून हात वर करायचा. लपवलंत तर वीस फेऱ्या.

पोरगी म्हणाली, "किती छान!" मी मोजे वाळत घालायला गेले.

६ मार्च, शुक्रवार

गुडघे. आणखी काही लिहायचं नाही.

१० मार्च, मंगळवार

पुस्तकवालीने मुखपृष्ठाचा फोटो दाखवला. शेवटचा पॉइंट झाल्या झाल्याचा. अकरा पोरींचे हात आभाळाला. एकीचा खाली.

"मावशी, या तुम्ही ना? तुमचाच हात का खाली?"

दमले होते म्हटलं.

मग लाल नखाचं विचारलं. ते एक खूळ आहे आमच्याकडे. मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी सगळ्या पोरी डाव्या करंगळीच्या नखाला लाल रंग लावतात. कॅप्टनने सुरू केलं. पहिल्या विजेतेपदाच्या दुसऱ्या दिवशी, सत्काराला, ती एकच नख रंगवून आली. एकच! आम्ही चिडवून बेजार केलं, नवरी अर्धवट नटली का गं म्हणून. पुढच्या स्पर्धेला पुन्हा लावलं, पुन्हा जिंकलो. झालं! चिकटली पद्धत. आता बाटली माझ्या कपाटात असते आणि बारा जणींची नखं मीच रंगवते. एक पोरगी हलते, एक गुदगुल्या होतात म्हणते. बोटं चिकटपट्ट्यांनी बांधायची मीच, नखं मीच, कपडे मीच. खेळा तेवढं तुम्ही बायांनो.

"त्यावर एक अख्खं प्रकरण आहे," पुस्तकवाली म्हणाली. लिही बाई.

जाता जाता तिने माझी उजवी करंगळी बघितली. वाकडी आहे. "हे कसं झालं?"

बसच्या दारात सापडली म्हटलं. पंचवीस वर्षं सगळ्यांना तेच सांगते. घरीसुद्धा.

११ मार्च, बुधवार

सापडली नव्हती.

१५ मार्च, रविवार

आज सुट्टी. घरात कोणी नाही. लिहून टाकते.

चेंडू लागला होता. डावरीने मारलेला. माझ्या उजव्या करंगळीवरून गेला, कट् आवाज आला, मला हाडात ऐकू आला. चेंडू हाताला लागून बाहेर गेला तर पॉइंट समोरच्यांचा. चौदा-चौदा झालं असतं. पुढे आम्हीच जिंकलो असतो — कदाचित. कदाचित नाही.

डावरी ओरडत होती. भाषा कळत नव्हती, पण एक बोट वर करून माझ्याकडे दाखवत होती. लागला, लागला! पंचाने नाही म्हणून मान हलवली. आमच्या पोरी माझ्या अंगावर येऊन पडल्या. आणि मी हात खाली धरून उभी. वर केला असता तर संपलं असतं एका क्षणात. नाही केला. चार वर्षं मार खाल्ला होता, बादल्या उचलल्या होत्या... कारणं पुष्कळ आहेत. आता एकही पटत नाही.

सरांनी बाकावरून माझ्याकडे बघितलं होतं. एकदाच. दुसऱ्या आठवड्यात सराव सुरू झाला तेव्हा हात वर करायचा नियम त्यांनी काढून टाकला. पोरी खूश, फेऱ्या वाचल्या! मला मात्र कळलं, त्यांनी बघितलं होतं. सर पुढे वीस वर्षं होते. माझ्या नवऱ्याला ऑपरेशनला रक्त दिलं त्यांनी, मला हे काम मिळवून दिलं त्यांनी. विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आता सर नाहीत.

त्या दिवशीचं वहीचं पान कोरं आहे. आज काय चुकलं — काही नाही लिहिलं.

१७ मार्च, मंगळवार

कॅप्टन येऊन गेली. आता संघटनेत मोठी बाई आहे, गाडी, चष्मा, पण माझ्या खोलीत आली की स्टुलावर पाय वर घेऊन बसते, तशीच.

मी विषय काढला. नीट नाही काढला. म्हटलं, "पुस्तकवाली त्या पॉइंटचं फार विचारते गं."

ती एकदम ताठ. "नेहमीचं सांग."

"नेहमीचंच सांगते."

"हॉलला सरांचं नाव लागतंय. चार दिवसांवर आलंय. उगीच कुणी काही उकरायला नको."

"मी कशाला उकरू? मी काय कोंबडी आहे?"

हसली नाही. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर खिदळते. डाव्या हाताचं ते लाल नख टेबलावर वाजवत बसली, मग म्हणाली, "डावरीला बोलावलंय समारंभाला. पाहुणी म्हणून. माझ्या मनात नव्हतं, वरच्यांनी ठरवलं."

माझ्या हातातून टॉवेलचा गठ्ठा पडला. तिने उचलून दिला. चहा न घेता गेली.

म्हणजे तिला माहीत आहे. खेटून उभी होती, तिने बघितलंच असणार. पंचवीस वर्षं मला सांभाळून घेतलं तिने! आता तोंड कसं दाखवू?

१९ मार्च, गुरुवार

नवरा म्हणतो, "समारंभाला जायचं आणि तोंड असं का? सत्कार तुझा आहे का फाशी?" मग माझी करंगळी धरून म्हणाला, "त्या बसवाल्याला शोधायला पाहिजे होता तेव्हा." पंचवीस वर्षं तो एका बसवाल्यावर राग धरून आहे. बिचारा बसवाला. कुठे असेल, असेल की नाही.

सांगितलं तर सरांचं नाव निघेल का हॉलवरून? पोरी म्हणतील आमचा पायाच खोटा? नाही सांगितलं तर पुस्तकात कायमचं छापून राहील, माझ्याच तोंडचं. दोन्हीकडून मरण. झोप येत नाही. काम होत नाही. इस्त्रीने एक जर्सी जाळली, सात नंबरची. ती पोरगी रडली.

२१ मार्च, शनिवार

झालं.

हॉल मोठा आहे. गळत नाही. भाषणं गळत होती तेवढी. आम्हा जुन्या पोरींना पहिल्या रांगेत बसवलं — पोरी! निम्म्यांना उठताना हात द्यावा लागतो. डावरी पलीकडच्या टोकाला. केस पांढरे, पाठ अजून ताठ.

मग दिवे घालवून पडद्यावर तो पॉइंट दाखवला. फिल्म जुनी, चेंडू म्हणजे नुसता पांढरा ठिपका. काही दिसत नाही, कुणाला दिसणार नाही. डावरी उडाली. आम्ही उडालो. ठिपका बाहेर. शिट्टी.

माझा हात वर गेला.

ठरवून नाही. सरावात जायचा तसा गेला. सरळ, उजवा, वाकडी करंगळी वर. अंधारात कोण बघतंय, वाटलं. तेवढ्यात दिवे लागले!

आणि गाढवांनी काय करावं? लोकांना वाटलं मी जल्लोष करते. शेजारणीने हात वर केला, मग तिच्या शेजारणीने, मग मागची रांग, मग अख्खा हॉल. हजार माणसं हात वर करून ओरडतायत. मी खरं सांगायला गेले तर त्याचीही मिरवणूक निघाली.

फक्त दोघींनी हात वर केले नाहीत. एक डावरी. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने एक बोट वर केलं, तेव्हासारखंच, आणि मान डोलावली. हसली का? हसली असं वाटलं. तिला कळलं एवढं नक्की.

दुसरी कॅप्टन. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. तोंड पांढरंफटक.

उद्या येईल. शिव्या देईल. देऊ दे.

२३ मार्च, सोमवार

काल आली नाही, आज आली. दार लावून घेतलं. मी म्हटलं, बोल काय बोलायचं ते. लागला होता, मला माहीत होतं, मी गप्प बसले.

ती म्हणाली, "तुझ्या हाताला?"

मग कपाटातून रिमूव्हर काढला, कापूस घेतला, आणि डाव्या करंगळीचा रंग पुसला. खाली नख नाही. नखाच्या जागी काळपट, खडबडीत गाठ. "चेंडूने उपटलं होतं. सत्काराला कुणाला दिसू नये म्हणून रंगवलं. मला वाटलं, फक्त मलाच लागला."

तिची डावी, माझी उजवी. बोटं एकमेकींना टेकलेली होती उडताना.

मग तिने पुस्तकवालीला फोन लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला.