खुर्ची भरायला गेलेले बाबा

ती. आत्यास,

तुझ्या लाडक्या (आणि तुझ्याच मते आगाऊ) भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिने चढू नकोस असं सांगितलंय म्हणे, म्हणजे तू दिवसातून दोनदा गच्चीवर जात असणार. मागच्या पत्रात तू मला चांगलंच फैलावर घेतलंस, की तुझी वहिनी गेल्यापासून तुझा भाऊ स्वतःला घरात कोंडून घेतो, शिलाई मशिनीवरचं कापडसुद्धा काढत नाही, आणि मी मात्र खुशाल ऑफिसात! त्याचंच उत्तर देते. फक्त ते आमच्या ऊर्जा खात्यामार्फत येतंय, त्यामुळे थोडं लांबेल.

तर आमच्या खात्यानं देशातल्या विजेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. ऊन, वारा, समुद्राच्या लाटा, म्हणजे देवानं जे फुकट दिलंय ते परदेशी गुंतवणूकदारांना दाखवायचं आणि त्याची वीज करायला त्यांच्याकडे पैसे मागायचे, अशी एकंदर योजना. माझ्याकडे खुर्च्यांचं काम होतं. परिषदेच्या ऐन सकाळी कळलं, की धुक्यानं विमानं रखडली, पाहुणे उशिरा येणार. मंत्रिमहोदय मात्र वेळेवर हजर (असं पहिल्यांदाच झालं). अशा वेळी काय करायचं याची आमच्याकडे जुनी रीत आहे: कर्मचाऱ्यांनी घरची माणसं आणून खुर्च्या भरायच्या. मी बाबांना अक्षरशः ओढत आणलं. शिंप्याचाच सूट, तो अंगाला काय बसला होता म्हणून सांगू! गळ्यात गुंतवणूकदाराचा बिल्ला अडकवला आणि बजावलं, की तोंड उघडायचं नाही. कोणी छेडलंच तर प्रस्ताव विचाराधीन आहे म्हणायचं.

पण हाच उद्योग शेजारच्या वीज मंडळानंही आम्हाला न सांगता केला होता. बाबांच्या बाजूला बसल्या त्या मंडळाच्या मुख्य अभियंत्याच्या विधवा मावशी. त्यांनी आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवलं, त्यामुळे आवाज तलावाच्या दुसऱ्या काठापर्यंत पोचणारा. दोघांनाही वाटलं, शेजारी खरा गुंतवणूकदार आहे! मग देशासाठी दोघांनीही तोंडं उघडली. बाबांनी सांगितलं, आमच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे शेजारच्या गल्लीत सापडतात, एवढा वारा आहे. मावशींनी लाटांची बाजू लढवली. दोघं एकमेकांना पैसे गुंतवायचा आग्रह करत होते आणि दोघंही विचाराधीन आहे म्हणून मान हलवत होते. शेवटी बाबांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, "बाई, हे जॅकेट कोणी बिघडवलं? काखेत ओढतंय की!" असं शिंपीच विचारणार! बिंग फुटलं. मावशी अशा खदखदून हसल्या, की मंत्र्यांचं कोळशाच्या टंचाईवरचं भाषण थांबलं. आपण विनोद केला असावा असं वाटून तेही हसले, आणि मग अख्खं सभागृह (सगळी सरकारी नातेवाईक मंडळी) शिस्तीत हसलं.

नेमके तेव्हाच खरे गुंतवणूकदार आले. एकही खुर्ची रिकामी नाही! बिचारे चुरगळलेल्या कोटांत भिंतीला टेकून उभे राहिले. इतकी झुंबड आणि इतका आनंद पाहून त्यांना वाटलं, आपण मागे पडलो. जेवणाआधीच त्यांनी धडाधड करारांवर सह्या केल्या. मंत्र्यांनी साहेबांची पाठ थोपटली, साहेबांनी माझी. बाबा कुठे गेले हे मात्र मला तासभर कळेना. ते मावशींबरोबर चहा पीत होते.

असो. गुडघ्याला जप, औषध वेळेवर घे.

तुझी,
आगाऊ भाची

ता. क. मशिनीवरचं कापड निघालं गं! मावशी जॅकेट दुरुस्तीला घेऊन आल्या. काख पहिल्याच दिवशी नीट झाली. आता बाबा धडधाकट शिवणी उसवून ठेवतात आणि त्यांना पुन्हा बोलावतात. त्याही मुकाट्यानं येतात.

आणखी ता. क. आता खरं काम. दोघांना लग्न करायचंय. पण "ताई हो म्हणाली तरच" हे बाबांचं पालुपद, आणि तुला विचारायची त्यांची छाती होत नाही. आई तुझी जिवलग होती, तुझ्या मनाला लागेल, म्हणतात. आई मलाही रोज आठवते, आत्या. पण घरात पुन्हा कोणीतरी हसतंय, आणि मला फार, फार आनंद झालाय. हो म्हण ना.

अगदी शेवटचं ता. क. लग्नात घालायला बाबा तुझ्यासाठी ब्लाउज शिवणार आहेत. माप पाठवलंस तर होकार समजू. मात्र खरं माप पाठव, मागच्या वेळी श्वास रोखून दिलं होतंस.