हे हल्ली नुसतं विचारतात

बोईसर,
फाल्गुन वद्य एकादशी

ती. मंदाताईस भावनाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना? तू पाठवलेलं पार्सल पोचलं. चिकू (वरचे फुटले होते, त्यांचा शिरा केला), सुकटीचा डबा आणि चिंच. स्टँडवरून रिक्षाचे चाळीस गेले, तरी बाजारापेक्षा स्वस्तच पडलं. तुझा फोन नातवाच्या हाती असतो, म्हणून पत्र.

इकडे ह्यांचं शिक्षण चाललंय. कारखान्यात शिफ्टचे प्रमुख व्हायचं तर हाताखालच्या माणसांना कसं घडवावं, याचा ऑनलाइन कोर्स पास करावा लागतो. चारुता मॅडम पुण्याहून शिकवतात. मुख्य नियम असा, की आपण उत्तर द्यायचं नाही. प्रश्न विचारायचा आणि समोरच्याला त्याचं उत्तर सापडेपर्यंत गप्प बसायचं. (गॅस कधी बंद करायचा तेही मला आजवर ज्यांनी सांगितलं, त्यांना हा नियम.) सराव घरीच. परवा जेवताना म्हणाले, आमटीबद्दल तुला काय वाटतं? म्हटलं, झालीय चांगली. निमूट जेवले. मी बसले तेव्हा कळलं, मीठच नव्हतं. कारखान्यात हाताखालच्या सुजितने रजा मागितली, तर त्यालाही विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? "मला वाटतं जायाला पायजे, सायेब," म्हणाला आणि गेला.

परीक्षेसाठी त्याच सुजितशी बोलून ते रेकॉर्ड करायचं होतं. तो गावी, म्हणून मला बसवलं. मी देवापुढे दिवा लावला, लॅपटॉपला हळद-कुंकू वाहिलं (चिमूटभरच, कंपनीचा आहे). ह्यांनी विचारलं, तुला काय साधायचं आहे? म्हटलं, चैत्री पुनवेला ताईबरोबर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला जायचंय आणि मग चिंचणीला तिच्याकडे चार दिवस राहायचंय. दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारं तोंड उघडलं, आणि रेकॉर्डिंग आठवून मिटलं. अडचण कोणती? म्हटलं, तुम्ही. आणखी कोणती? तुमचं जेवण. त्यावर काय करता येईल? म्हटलं, तुम्ही भात शिका. शेवटी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं असतं. "म्हणजे तू जाणार, आणि भात मी लावणार," असं स्वतः म्हणाले. मॅडमनी शेरा दिला, इतकं शांतपणे ऐकणारे थोडेच. गुण चांगले पडले. मी देवापुढे साखर ठेवली.

तुझी धाकटी,
भावना

ता. क. पुनवेला तुला निघता येईल ना?

आणखी एक. प्रमाणपत्र अजून हाती आलेलं नाही. ठरलेलं खरंच झालं का, हे मॅडम पुनवेनंतर मला फोन करून विचारणार आहेत, मगच ते मिळणार. तेव्हा तुझ्या गुडघ्याची काळजी आता आम्हा दोघांनाही आहे. उलटटपाली कळव. हे रोज कामावरून आल्या आल्या विचारतात, "ताईचं काही आलं का?" आणि हा प्रश्न कोर्समधला नाही.