आठ धारांची टिप

९ एप्रिल
आज परत कामातून गेल्या. कटरवरच्या सगळ्याच्या सगळ्या टिपा, लोखंड कापणाऱ्या त्या धारदार चकत्या. दुपारी पु.सा.चा ट्रंककॉल. (पु.सा. म्हणजे पुण्याचा साहेब. अख्खं नाव लिहून शाई वाया घालवायची न्हाई.) म्हणतो, "तुमच्या टिपेचा कोनच चुकलाय. आपली जुनी बरी होती."
जुनी बरी होती! जुनीच्या वरच्या चार धारा झिजल्या की ती भंगारात. माझी उलटी करून बसवली की खालच्या चार धारा कोऱ्या करकरीत. दोन्ही अंगानं घट्ट टेकली पायजे आणि दोन्ही अंगानं कापलीही पायजे, हे जमवणं म्हणजे खायचं काम न्हाई. वर्षभर ड्रॉइंग बोर्डावर मान मोडलीय.
या महिन्यात ट्रायल पास झाली तरच टिपा पाडायचा साचा बनणार. न्हाई तर माझी टिप कायमची कपाटात.

१० एप्रिल
पु.सा.चं आणखी एक वाक्य. काल रागात लिहायचं राहिलं. "तिकडच्या लोकांना हे काम झेपेल असं मला वाटलंच नव्हतं."
तिकडच्या म्हणे. लातूर नवा जिल्हा झाला, सवलत जाहीर झाली, तवा बरे धावत आले इकडं कारखान्याची शेड ठोकायला. अजून निम्म्या पत्रांवर जिल्हा उस्मानाबाद असतं, सवलत मात्र न चुकता लातूरला पोचते. मी नांदेडचा. त्याला नांदेड काय, लातूर काय, सगळं 'तिकडं'च.
जेवलो न्हाई. सुमन म्हणाली, "भाकरीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

१२ एप्रिल
गेलेल्या टिपा भिंगाखाली धरल्या. धारेला काटकोनात बारीक चिरा, कंगव्याच्या दातांसारख्या. कोन चुकला असता तर कोपरा उडाला असता. ही भानगड येगळी. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा, परत तापवावा, परत हबका, तशातली. कूलंटची, म्हणजे कटर गार ठेवायच्या तेलपाण्याची, धार सलग असती तर टिप निभावली असती. कूलंट अजिबात नसता तर चिरा आल्याच नसत्या.
म्हणजे कुणीतरी कूलंटचा कॉक उघड-बंद करून राहिलंय. माझ्या टिपेवर! आणि शिव्या खातोय मी.

१३ एप्रिल
मिलिंग मशिनवर सत्तारभाई असतो. माणूस औशाचा, हात चांगला. गुपचूप मागं जाऊन उभा राहिलो. कटर तापला की कॉक उघडला, चर्रर्र झालं, वाफ निघाली, की लगेच बंद. परत तेच.
डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत ओरडलो, "टिप हाय का तमाशा लावलाय?"
तो म्हणाला, "साब, टाकीत हाय कुठं? थोडं थोडं पाजून राहिलो. उन्हाळ्यात जनावराला पुरवून पुरवून पाजतो तसं."
"रोज टँकर येतो की!"
त्यानं मान खाली घातली. बाकीचेही जमिनीकडं बघाया लागले. कायतरी हाय. मी आत ड्रॉइंगच्या खोलीत, मला कोण सांगणार?

१४ एप्रिल
जयंती. शेड बंद. सकाळी विहारात जाऊन आलो. मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली, सुमन दारात उभी राहून येईल त्याला पाणी देऊन राहिली. तांब्यामागं तांब्या. लई बरं वाटलं बघून. मग ध्यानात आलं, नळ कधीचा बंद, आडात नुसता चिखल. रांजण भरलेला कसा?
विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी येडा असल्यासारखं.
"कंपनीच्या टँकरचं. त्यात तेल मिसळायच्या आधी गडीमाणसं घागरी भरून घेतात. सत्तारभाईची पोरगी रजिया आपली घागर आणून देते. अख्खी गल्ली त्याच्यावर हाय. खरंच म्हाइत न्हाई तुम्हाला?"
"न्हाई."
"मग इतके दिवस काय पिऊन राहिले?"
तांब्या तोंडाला लावलेला. तोंडातलं पाणीसुद्धा गिळवंना, थुंकवंना.

१६ एप्रिल
सत्तारभाई खोलीत आला. दार लोटून म्हणतो, "साब, पुण्याला कळवा, सत्तारची चूक हाय म्हणून. टँकरचं तेवढं नका सांगू."
आणखीच भडकलो. नगरपालिकेला पाणी देता येईना, आणि नोकरी घालवायला हा तयार! म्हटलं, "उपकार नकोत मला. चल मशिनवर. कॉक पार बंद कर. कोरडी चालव."
"जळंल, साब."
"जळू दे."
चालवली. लोखंडाच्या चिपा निळ्या होऊन उडाया लागल्या, आवाज एकसुरी. थांबवून भिंग लावलं. एक चीर न्हाई. उलटी करून खालच्या धारा चालवल्या, त्याही तशाच. सत्तारभाईनं टिप तळहातावर घेतली आणि हसला, "इसको तो प्यासच नहीं, साब. आपल्याच मुलखाची हाय."
पुण्याला फोन लावला. या म्हटलं, डोळ्यानं बघा. घरी येऊन चार भाकरी खाल्ल्या.

१८ एप्रिल
जेवताना फुशारकी चालली होती माझी. आता मशिनला पाण्याचा थेंब लागणार न्हाई, वगैरे वगैरे.
सुमनचा भाकरी थापणारा हात थांबला. "थेंबभर न्हाई?"
"न्हाई!"
"मग टँकर कशाला पाठवतील ते?"
दोन दिवस झाले, माझ्या या शहाण्या टाळक्यात हे आलं न्हाई. कटर, कोन, धार, सगळं कळतं मला. एवढं कळलं न्हाई.

२१ एप्रिल
पु.सा. आला. गॉगल, हातरुमाल, येताना पुण्याहून स्वतःपुरतं पाणी थर्मासमधी. ट्रायल बघितली. पास. लगेच 'तुमची टिप'ची 'आपली टिप' झाली. "आपण करून दाखवलं!" कोण आपण रे?
मग म्हणतो, "ड्रॉइंगवर सूचना टाका, कोरडे चालवावे, कूलंट वापरू नये. उद्या निघताना मी सही करतो, साचा पक्का. आणि तो टँकर बंद करून टाकू, उगाच कशाला?"
म्हटलं, "शेडमधी माणसंही असतात, साहेब. त्यांना पाणी लागतं."
"त्यांच्यासाठी दोन माठ ठेवा की."
दोन माठ! आणि गल्ली? आणि रजिया? आणि माझं घर? तोंडावर आलं होतं. सत्तारभाई पलीकडून नको नको म्हणून मान हलवून राहिला. टँकरचं पाणी घरोघर जातं हे कळलं तर आजच सगळ्यांना हाकलंल हा. गप बसलो. गप बसल्याचा राग अजून उतरला न्हाई.

२२ एप्रिल
सकाळ. ड्रॉइंग समोर हाय. सूचनेची जागा कोरी. 'कोरडे चालवावे' लिहिलं की साचा पक्का, टँकर बंद. 'कूलंट भरपूर वापरावा' लिहिलं तर टँकर ऱ्हाईल, पण काल डोळ्यानं बघून बसलेला माणूस त्यावर सही करायचा न्हाई. माझी टिप पाण्यावाचून चालते, हाच तिचा मोठेपणा. एवढी चांगली कशाला केली, असं आज पहिल्यांदा वाटलं. आणि असं वाटाया लावणाऱ्या सगळ्यांचा, पुण्याच्या, इथल्या, वरच्या, लई संताप आला.
सुमननं विचारलं, "काय लिहिलं?"
"अजून कायच न्हाई."
तिनं पाण्याचा तांब्या ड्रॉइंगपासून जरा लांब ठेवला, सांडू नये म्हणून, आणि घागर घेऊन बाहेर गेली. टँकर आलाय.