दिल्ली आईनं दाखवली

नाना, तुम्ही दिल्लीला आला नव्हता. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण घरात हे ठामपणे सांगणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकते. देवपूरच्या घरी आई हल्ली नातवंडांना जवळ बसवून दिल्लीची गोष्ट सांगते आणि त्या गोष्टीत तुम्ही असता. ड्रायव्हरशी तुम्ही बोलता, तुमच्या थोरल्या भावाची, मोठ्या आबांची समजूत तुम्ही घालता, लाल किल्ल्यासमोर सगळ्यांना तुम्ही उभं करता. पोरं कान देऊन ऐकतात, कारण आजी रंगवून सांगते. धाकटा मला म्हणतो, "अक्का, राहू दे ना. तिला बरं वाटतं, तर कशाला खोडतेस?" मी त्याचं ऐकणार नाही. गेल्या रविवारी पिंप्राळ्याहून मुद्दाम गेले आणि तिच्यासमोर बसून म्हटलं, "आई, ते नानांनी नाही केलं. तू केलंस." ती खळखळून हसली. "मी? माले कोठे हिंदी येस?" म्हणाली, आणि पुन्हा तुमचंच नाव घेऊन गोष्ट पुढे सांगायला लागली. ते ऐकून मी ठरवलं, की जे घडलं ते घडलं तसं लिहायचं, आणि तुम्हालाच लिहायचं. तिचं केलेलं तुमच्या नावावर गेलेलं तुम्हालाही आवडणार नाही.

तिकिटं मात्र तुमची. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये अर्ध्या दिवसाची रजा टाकून तुम्ही जळगावला जाऊन रांगेत उभे राहिलात आणि संध्याकाळी घरी येऊन ती सगळी ओळीनं जमिनीवर मांडलीत. आपलं घर, गावाकडचे मोठे आबा आणि त्यांचं कुटुंब, काका-काकू, आत्या, सगळ्यांची पोरं. एकूण सतरा माणसं. मोठे आबा कुरकुरत होते, एवढ्या लांब थंडीत कशाला म्हणून. तुम्ही त्यांचा हात धरून म्हणालात, "आबा, टीव्हीमा कितला दिन देखाना? एक डाव समोर उभा राहीसन देखू." पंधरा ऑगस्टला सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, लाल किल्ल्यावरच्या झेंड्यासाठी टीव्हीपुढे उभे राहणारे तुम्ही, तुमच्यामागे आम्ही भावंडं डोळे चोळत उभी. आणि मग दिवाळी झाली, निघायला थोडेच आठवडे राहिले, आणि वर्कशॉपमध्ये एका बसखालून बाहेर येता येता तुमच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचला नाहीत.

तेराव्याची जेवणं उरकली होती. ओट्यावर माणसं बसलेली. मोठे आबा खाली बघत म्हणाले, "उद्या कोनीतरी जाईसन ती तिकिटं वापस करा. वरीस व्हवा बिगर कोठेच जानं नही." सगळ्यांनी माना हलवल्या. आई त्यांच्यासमोर कधी बोलत नसे, हे तुम्ही जाणता. त्यांना काही सांगायचं झालं तर ती मला पुढे करायची. मी तेव्हा बारावीला होते, आणि त्या दिवशीही तिच्या शेजारी उभी होते, पण तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर सारखा केला आणि दारात आली. "तिकिटं वापस करानी नहीत," ती म्हणाली. "त्यासनी बठ्ठासकरता काढेल शेत. बठ्ठाच जाऊत." तुम्ही सगळ्यांसाठी काढलेली, म्हणून सगळेच जाणार.

आत्या पुटपुटली, "लोके काय म्हनतीन, वहिनी?"

"म्हनू दे," आई म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला बसली.

त्यानंतर घरात बरंच काही झालं, ते सगळं लिहीत नाही. मोठे आबा दोन दिवस जेवले नाहीत. शेजारणींनी आईला गाठून समजावलं. ती प्रत्येकीचं शांतपणे ऐकायची आणि संध्याकाळी पोरांसाठी कुणाकडून तरी मागून आणलेले स्वेटर उसवून-शिवून ठेवायची. निघायच्या दिवशी मोठे आबाही पिशवी घेऊन आले. घरातल्या बायकापोरांना एकटं कसं सोडायचं, म्हणून आलो, असं ते सगळ्यांना ऐकवत होते.

गाडी धुक्यात अडकली. रविवारी सकाळी पोचायचो ते रविवार मावळल्यावर पोचलो. परतीची गाडी सोमवारी रात्रीची, म्हणजे हातात फक्त सोमवार. काकांनी धर्मशाळेजवळच एक मिनीबस ठरवली. सकाळी सगळे तोंडातून वाफ काढत आत बसलो. ड्रायव्हर एक वयस्क सरदारजी होते. त्यांनी कुठे जायचं विचारलं, तेव्हा काका म्हणाले, पहिल्यांदा लाल किल्ला. सरदारजींनी मागे वळून बघितलं. "आज तो सोमवार है जी. सोमवार को लाल किला बंद रहता है."

मग मोठे आबा उठले. "देखं? देवलेबी मंजूर नही," ते म्हणाले. "चला, उतरा बठ्ठा. गाडीनी येळ व्हस तोपावत धर्मशाळामा बसू." आत्या उठली, काकांनी पोरांना हाताला धरलं. मला अजून दिसते ती बस. काचा धुरकट, कुणाच्या तरी पिशवीतल्या बोरांचा वास, आणि अर्धी माणसं वाकून उभी. आई मागच्या बाकावरून उठून पुढे येते. मोठ्या आबांना ओलांडून जायचं, तर धक्का लागेल म्हणून थांबते, आणि तिथूनच ड्रायव्हरला म्हणते, "भैया, बंद है तो है. बाहेर से दिखता है ना?"

"बाहर से तो पूरा दिखता है, बहनजी."

"तो चलो." मग ती आबांकडे वळली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण मान खाली नव्हती. "तुमी बसा, आबा. ज्याले उतरनं शे त्यानी उतरा. मी पोरेसले लई जास."

कुणी उतरलं नाही. आबाही बसले, पण खिडकीकडे तोंड करून.

लाल किल्ल्यासमोर बस थांबली तेव्हा धुकं विरत होतं. नाना, तो टीव्हीत दिसतो त्यापेक्षा फार लांबलचक आहे. भिंत संपतच नाही. दारं बंद, समोर दोर लावलेला, एक पोलीस शेंगा खात उभा. वर झेंडा होता. वारा नव्हता म्हणून तो काठीला चिकटून होता. आईनं आम्हाला सगळ्यांना खाली उतरवलं आणि दोरापाशी उभं केलं. पोरांना म्हणाली, "नीट देखा. घर जाईसन इचारसू." बराच वेळ ती स्वतः वर बघत राहिली. रडली नाही. काकू रडायला लागली तेव्हा तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि समोरच्या रस्त्यावर बांगड्यांची गाडी दिसली तशी तिला तिकडे घेऊन गेली. काकूला बांगड्या हव्या होत्या आणि आईसमोर घ्यायला संकोच वाटत होता, हे तिनं आदल्या दिवशीच ओळखलं असणार. तिनं स्वतः हिरव्या-लाल बांगड्या निवडल्या, स्वतःच्या रिकाम्या हातांनी काकूच्या हातात चढवल्या, आणि गाडीवाल्याला म्हणाली, "कम करो, भैया. हम बहोत दूर से आए हैं." तिला हिंदी येत नाही म्हणे!

मोठे आबा बसमधून उतरलेच नव्हते. संसद भवनाच्या बाहेरून फिरलो, राष्ट्रपती भवनाचं फाटक बघितलं, आबा आतच. इंडिया गेटच्या हिरवळीवर दशम्या सोडल्या, तेव्हा पोटात भूक असेल म्हणून ते खाली आले. आईनं त्यांच्यापुढे दशमी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. त्यांनी एक घास घेतला आणि तो तोंडात तसाच राहिला. मग एवढ्या मोठ्या माणसानं, आम्हा सगळ्या पोरांसमोर, उपरण्यात तोंड घातलं. "त्याना बिगर माले नही देखवत," ते म्हणाले. "माले तो दाखाडनार व्हता. माले नही देखवत."

तेव्हा मला कळलं, नाना, की शोकाचं वर्ष, लोक, देव, हे सगळं त्यांनी पुढे उभं केलेलं होतं. त्यांना फक्त तुमच्याशिवाय ते बघायचं नव्हतं.

आई त्यांच्यापासून थोडं दूर, गवतावर बसली होती. तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. "मालेबी नही देखवत, आबा," ती हळूच म्हणाली. "तरी देखस."

आबांनी तोंड धुतलं. दशमी संपवली. आणि बसमध्ये चढताना काकांच्या आधी त्यांनीच सरदारजींना सांगितलं, "कुतुब मिनार चलो." मिनारापाशी ते पोरांना खांद्यावर घेऊन फिरले. तिथल्या फोटोवाल्याला हाक मारली तीही त्यांनीच. आईला म्हणाले, "तू मदमा उभी ऱ्हाय." ती मधे उभी राहिली. तो फोटो देवपूरला भिंतीवर आहे. परवा आईनं त्यात तुम्हाला शोधलं. दिसला नाहीत, तर म्हणाली, फोटो काढणारे तुम्हीच असाल.

मोठे आबाही जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे आईला पटेल अशी साक्ष द्यायला कुणी नाही. पुढच्या रविवारी मी देवपूरला जाणार आहे. हा कागद नातवंडांसमोर आईला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. ती हसेल, नाही म्हणेल. मी पुन्हा वाचेन. दर रविवारी वाचावा लागला तरी वाचेन. तिच्या हयातीत तिला कळलं पाहिजे की आम्हा सगळ्यांना दिल्ली तिनं दाखवली.

हा शेवट तेवढा मी वाचून दाखवणार नाही. त्या दुपारी कुतुब मिनारपाशी ऊन छान पडलं होतं, आम्ही भावंडं एकमेकांमागे पळत होतो, काकू नव्या बांगड्या वाजवत होती, आणि कितीतरी वेळ मला तुमची आठवणच झाली नाही. खूप मजा आली, नाना.