तळघरातला हिरवा ठिपका

सोमवार, ३ जून
या वयात नवी नोकरी, टेलिफोन ऑपरेटरची, तीही घरबसल्या! माडीवरच्या खोलीत टेबल मांडलं. ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण तिथले सगळे फोन माझ्या स्क्रीनवर दिसतात. चालू असलेल्याला हिरवा ठिपका, बंद असलेल्याला लाल. शाळेत टेलिफोनच्या बोर्डापाशी बसणाऱ्या सिस्टर आठवल्या. प्रत्येक मुलीच्या आईचा आवाज त्या ओळखायच्या. ऑफिसच्या तळघरात जुन्या फायली सांभाळणाऱ्या काकांनी मुद्दाम फोन केला. खोकत खोकत म्हणाले, आता वरच्या जगाशी माझं नातं तुमच्या हातात.

गुरुवार, ६ जून
तळघरातला फोन ओलीने बिघडलाय. आपोआप रिसेप्शनला लागतो आणि नुसता खरखरतो. तिथली मुलगी वैतागून म्हणाली, "मावशी, त्याचं तोंड बंद करा हो." मी इथूनच त्याचे बाहेर जाणारे कॉल बंद केले. एका क्लिकचं काम. उद्या मेकॅनिकला सांगायचं, काकांनाही.

सोमवार, १० जून
सांगायचं राहूनच गेलं. शुक्रवारी संध्याकाळी तळघराला कोणीतरी बाहेरून कडी घातली. काका आत होते. मोबाइल वापरत नव्हते. एकटे राहायचे, शोधणार कोण? आज दार उघडलं तेव्हा ते गेलेले होते, रिसीव्हर हातात तसाच.
कळल्याबरोबर मी गुपचूप कॉल पुन्हा चालू करून टाकले. मग साहेबांचा फोन आला. म्हणाले, "जुना फोन. बंद पडला असेल."
मी हो म्हटलं. हो म्हटलं मी.

बुधवार, १२ जून
तळघरातला फोन काढून नेला, वायरही कापली. मेकॅनिकने स्वतः सांगितलं. इथे ठिपका हिरवाच. दुपारी त्याच नंबरावरून माझा फोन वाजला. खरखर. मग खोकला — ओळखीचा. चुकले, एवढंच म्हणायचं होतं. तोंडच उघडेना.

गुरुवार
साहेबांना खरं सांगायला फोन लावला. हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. आरशात बघवत नाही —

शुक्रवार
खोलीचं दार उघडत नाही. बाहेरून कडी. घरात मी एकटी — मोबाइल खाली स्वयंपाकघरात. टेबलावरच्या फोनवरून कुठेच कॉल जात नाही.
आत्ता वाजला. रिसेप्शनवरची मुलगी. ओरडून सगळं सांगितलं — कडी, काका, माझं ते क्लिक, सगळं. तिला ऐकूच जात नाही. नुसती मावशी, मावशी करते. रिसीव्हर कानाशी धरूनच लिहितेय —
तिच्या मागे कोणीतरी खोकलं. अगदी मायेने सांगतंय तिला — जुना फोन आहे बाळ, बंद करून टा