काळ्या कापडाखालचं पांढरं

मरोळ, अंधेरी
रविवार, १७ नोव्हेंबर १९६८

प्रिय रीटावहिनी,

देवाच्या दयेने आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही तिकडे एक्सरला बरे असाल. लॉरेन्सचा खोकला गेला. विहिरीजवळच्या शेवग्याला यंदा इतक्या शेंगा आल्या आहेत की शेजारणीसुद्धा आता नको म्हणतात. बेनेडिक्टबरोबर तू पाठवलेली वांगी पोचली. छान होती. म्हणजे तशी असणारच, तुझ्या भावाच्या वाडीतली ती. खरं सांगायचं तर मी एकही खाल्लं नाही. लॉरेन्सने आणि आग्नेसने संपवली.

या पत्राचे दोन कागद फाडून झाले. तिसऱ्यावर तरी सरळ लिहावं म्हणते, आणि पुन्हा शेवग्यावरच गेले.

सेलचं लिहायचं आहे.

मी सेलला कशी जाते ते तुला ठाऊक आहे. घरातले सगळे हसतात. महिनाभर आधी यादी करते. प्रत्येकाच्या मापाचा वेगळा दोरा ठेवते. छातीला एक गाठ, कमरेला दुसरी, उंचीला तिसरी, आणि टोकाला ज्याच्या त्याच्या जुन्या कपड्याची चिंधी, म्हणजे कुणाचा कुठला ते कळतं. पोरीला बरोबर नेत नाही. पोटभर जेवून निघते, कारण उपाशी बाईला जे दिसेल ते हवंसं वाटतं. यंदा लॉरेन्स म्हणाला, “सेलला चाललीस का लढाईला?” मी म्हटलं, “तुमच्या सदऱ्याचं कापड नको असेल तर तसं सांगा ना.”

आदल्या दिवशी दुकानात एक फेरी मारून येते, कुठलं कापड कुठे ठेवलंय ते बघायला. यंदाही गेले. स्टेशनजवळच्या त्या शेटच्या दुकानात पांढऱ्या ऑर्गंडीचा एकच तुकडा होता. बारीक बुट्ट्यांचा, हातात घेतला तर सुळकन निसटेल असा. आठ डिसेंबरला पोरींचं पहिलं कम्युनियन, पांढऱ्या झग्यात पहिला पवित्र प्रसाद घ्यायचा दिवस, आणि आमच्या आग्नेसचा झगा माझ्या डोळ्यांपुढे तयारच झाला. शेट आदल्या दिवशी सेलच्या भावाने देईना. म्हणून त्याची पाठ वळल्यावर मी तो तुकडा घडी करून काळ्या कापडांच्या गठ्ठ्याखाली सरकवला, सगळ्यांत तळाशी. सणासुदीच्या तोंडावर काळं कोण उलथंपालथं करणार? असा हिशोब मी केला, आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

वहिनी, मार्कसला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. बहिणीने सहा महिने पाळायचे, ते ऑगस्टमध्ये संपले आणि मी काळं काढून फुलांचं घातलं. तुझं वर्ष चालू होतं. माझ्या सख्ख्या भावाची बायको काळ्यात आहे, हे माझ्या त्या शहाण्या डोक्यात आलंच नाही. इतकंच नाही, सेल लागलाय हे मी तुला कळवलंसुद्धा नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. तू आलीस तर तुझ्या पर्पेच्युआसाठी पांढरं तूही शोधशील, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी आधी सदऱ्याचं कापड घेतलं, मग चादरी. लपवलेलं कुठे पळतंय, असं म्हणत सावकाश काळ्या गठ्ठ्याकडे आले, तर तिथे तू. तुझा काळा झगा उन्हाने पाठीवर तपकिरी पडला होता. तू दुसरा काळा घ्यायला आली होतीस, आणि तुझ्या हातात ती ऑर्गंडी होती.

तू काय बोललीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. “बेला, बघ गं! काळ्याच्या खाली पांढरं कोण ठेवील? मार्कसनेच ठेवलं असणार पोरीसाठी.” तू रडत होतीस आणि हसतही होतीस. मग तुकडा माझ्या हातात देऊन म्हणालीस, “धर जरा. मी माझं काळं बघते.”

तू गठ्ठ्याकडे वळलीस. मी काउंटरवर गेले, तुकडा माझ्या कापडात घातला, पैसे दिले आणि मागच्या गल्लीने घरी आले. तुला हाक मारली नाही. वळून पाहिलं नाही. वाटेत स्वतःला बजावत होते की आधी मी पाहिला होता, म्हणजे माझाच होता.

आता यातलं सगळ्यांत वाईट लिहिते. चार दिवसांनी बेनेडिक्ट वांगी घेऊन आला. दारातूनच म्हणाला, “ताई म्हणते, बेलाने न सांगता बिल करून टाकलं, आभार मानायलाही थांबली नाही. कम्युनियनचा झगा आत्यानेच शिवायचा ही तुमच्या आईची रीत, ती बेला विसरली नाही. सावकाश शिव म्हणावं, घाई नाही.”

मी विसरले होते, वहिनी. आपल्या आईची ती रीत यादी करताना माझ्या मनातही आली नव्हती. पर्पेच्युआला आईचं नाव आपणच ठेवलं, दोघी आते-मामेबहिणींनी मरोळच्या देवळात एकत्र कम्युनियन घ्यावं ही मार्कसची इच्छा, आणि मी फक्त आग्नेसचा दोरा घेऊन सेलला गेले. बेनेडिक्टला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “बस ना, चहा टाकते.”

तू खरंच तसं समजलीस, की सगळं ओळखून मला झाकलंस, ते मला कळत नाही. दोन्हींपैकी काहीही असो, मला वर मान करवत नाही. काल फादरकडे कन्फेशनला गेले, पापं कबूल करायला. खोटं बोलले, चिडले, शुक्रवारी मटण खाल्लं, सगळं सांगितलं. हे एक जिभेवर आलं आणि गिळलं. बाहेर येऊन बाकावर बसले. फादरला सांगून सुटेन आणि तू मात्र तिकडे माझं नाव चांगलं म्हणून घेत राहशील, हे मला नको. म्हणून आधी तुला.

गुपचूप झगा शिवून पाठवला असता तर कुणाला काही कळलं नसतं. तेही मनात आलं होतं. पण तू माझ्या गळ्यात पडून आभार मानले असतेस, आणि ते मला सोसलं नसतं.

ऑर्गंडी या पत्राबरोबर लॉरेन्सच्या हाती देते आहे. तिला कात्री लागलेली नाही. आग्नेससाठी माझ्या लग्नाच्या झग्याचा घेर उसवला आहे. “मग बुट्ट्यांचं कापड कुणाचं?” असं तिने विचारलं. मी म्हटलं, “पर्पेच्युआचं. आईने चुकून आणलं होतं.” पोरीसमोरही ‘चुकून’ म्हणाले बघ. उद्या तिला नीट सांगेन.

तो झगा तू शीव, नाहीतर कुणाकडून शिवून घे. मी राग धरणार नाही, तो धरायचा हक्क मला नाही. पण आत्याच्या हातचा अजून चालत असेल, तर कापड लॉरेन्सबरोबरच परत पाठव, आणि त्यात पर्पेच्युआच्या मापाचा दोरा ठेव. तीन गाठी मारून, आणि टोकाला तुझ्या त्या तपकिरी पडलेल्या झग्याची एक चिंधी. या वेळी कुणाचा दोरा ते मी विसरणार नाही.

लॉरेन्स संध्याकाळी परत येईल. मी फाटकात उभी असेन. तो रिकाम्या हाताने आला तरी मला समजेल.

नेहमी खाली ‘तुझी लाडकी नणंद’ लिहिते. आज लिहवत नाही.

मार्कसची बहीण,
बेला